एकोणपन्नासावा पेटारा

प्रश्न : अंधेरीतील एका यंत्रसामग्री वितरकाकडे मी गाड्यांचे रोजचे नियोजन पाहतो. भिवंडीच्या गोदामातून मुंबईभर माल पोहोचवण्यासाठी 12 टेम्पो आहेत; प्रत्येकाची क्षमता 1,500 किलो असून दिवसाला दोन फेऱ्या होतात. कोणता पेटारा कोणत्या फेरीत घालायचा, हे ठरवण्यासाठी मी एका मोफत ऑप्टिमायझेशन सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल लिहिले आहे. एके दिवशी 510 ते 590 किलो वजनाचे 49 पेटारे पाठवायचे होते. एकूण वजन सुमारे 27 टन आणि क्षमता 36 टन असूनही सॉफ्टवेअर दोन तास चालले आणि मेमरी संपून बंद पडले. दुसऱ्या दिवशी मी एका फेरीची वेळ चुकीची भरली, तेव्हा मात्र ‘इन्फीजिबल’ (म्हणजे सर्व अटी पाळणारे उत्तरच नाही) हे उत्तर क्षणात आले. हा फरक का पडतो, आणि मॉडेलला उत्तरच नाही हे आधी कसे ओळखावे?
— एक वाचक, अंधेरी

उत्तर : आपल्या दोन्ही दिवसांच्या मॉडेलांना उत्तर नव्हतेच, फरक होता तो विसंगती किती खोल दडली होती याचा. वेळेची चूक वरवरची होती. सकाळी सातच्या आधी भिवंडी सोडायची नाही, वाटेत किमान दीड तास लागतो आणि आठच्या आत कुलाब्याला पोहोचायचे आहे, अशा तीन अटी एकापाठोपाठ ठेवल्या की साध्या बेरजेने गाठ उघडी पडते. खरे गणित सुरू करण्यापूर्वी सॉफ्टवेअर प्रत्येक चलाच्या किमान आणि कमाल मर्यादा अशाच आवळत जाते. या टप्प्याला प्रीसॉल्व्ह म्हणतात. एखाद्या चलाची किमान मर्यादा कमाल मर्यादेच्या वर गेली, की तिथेच काम थांबते.

पेटाऱ्यांच्या बाबतीत तसे होत नाही, कारण सॉफ्टवेअर आधी पेटारे तोडता येतात असे धरून प्रश्न सोडवते. तसे धरले तर एका फेरीत पावणेतीनच्या आसपास पेटारे मावतात, चोवीस फेऱ्यांत साठाहून अधिक जातात आणि सगळे सुरळीत दिसते. प्रत्यक्षात सर्वांत हलके तीन पेटारेदेखील 1,530 किलोंच्या खाली येत नाहीत, म्हणजे एका फेरीत दोनच मावणार, चोवीस फेऱ्यांत अठ्ठेचाळीस, आणि एकोणपन्नासावा गोदामातच राहणार. गणितात याला कबुतरखान्याचे तत्त्व म्हणतात. दादरला राहणाऱ्यांना ते नाव तरी परके वाटू नये. माणसाला जे एका ओळीत दिसते ते सिद्ध करण्यासाठी सॉफ्टवेअर ‘हा पेटारा या फेरीत घालू, नाही तर त्या फेरीत’ अशा फांद्या फोडत राहते. त्यातच बारा टेम्पो सारखे असल्याने केवळ त्यांची नावे अदलाबदल करूनच एका मांडणीच्या 47,90,01,600 प्रती तयार होतात, आणि प्रत्येक प्रत नवी समजून तपासली जाऊ शकते. उत्तर असलेल्या मॉडेलमध्ये एखादी चांगली मांडणी हाती लागली की निदान काहीतरी पदरात पडते. उत्तर नसलेल्या मॉडेलमध्ये मात्र शेवटची फांदी छाटल्याखेरीज ‘नाही’ म्हणताच येत नाही.

यावरचा उपाय जलद संगणक घेणे हा नव्हे, तर आपल्याला जे ठाऊक आहे ते मॉडेललाही सांगणे हा आहे. ‘कोणत्याही फेरीत दोनपेक्षा अधिक पेटारे नकोत’ ही अट वजनाच्या अटीतूनच निघते, म्हणून ती वेगळी लिहिण्याची गरज नाही असे वाटते. पण ती लिहिली की चोवीस अटींची बेरीज थेट ‘49 हे 48 पेक्षा अधिक नाहीत’ असे अशक्य विधान देते, आणि पेटारे तोडता येतात असे धरूनही विसंगती लगेच उघड होते. अटींना योग्य गुणकांनी गुणून त्यांची बेरीज केली असता असे धडधडीत खोटे विधान मिळणे, हाच रेषीय अटींच्या अशक्यतेचा पुरावा असतो; हंगेरीचे ग्युला फार्कश यांनी 1902 मध्ये प्रसिद्ध केलेला सिद्धांत सांगतो की रेषीय अटींना उत्तर नसेल तर असा पुरावा नेहमी मिळतोच. महागड्या सॉफ्टवेअरमध्ये अशा जादा अटी आपोआप शोधण्याची सोय असते. तरी तिच्यावर विसंबून राहू नये असे माझे मत आहे.

आता आपण न विचारलेल्या एका गोष्टीविषयी, कारण पुढचा सल्ला आपल्याला कुणीतरी देणारच. अनेक सॉफ्टवेअरमध्ये परस्परविरोधी अटींचा असा सर्वांत आटोपशीर संच शोधण्याची सोय असते की त्यातील कोणतीही एक अट काढली तर विसंगती मिटते. एकेक अट बाजूला ठेवून पुन्हा तपासायचे, आणि तरीही उत्तर नसेल तर ती कायमची वगळायची, अशी ही पद्धत आहे. वेळेच्या चुकीवर ती फार उपयोगी पडते; तीन अटी बाहेर येतात आणि चूक दिसते. आपल्या पेटाऱ्यांच्या मॉडेलवर मात्र ती चोवीस फेऱ्यांच्या आणि एकोणपन्नास पेटाऱ्यांच्या अशा सर्व 73 अटी आपल्यापुढे ठेवील, कारण त्यांतील एकही काढली तरी बाकीचे जमते. उत्तर अचूक आहे, पण त्यातून काही उमगत नाही. शिवाय प्रत्येक तपासणी हे स्वतंत्र कोडे असल्याने वेळ जाईल तो वेगळाच.

रोजच्या वापराच्या मॉडेलमध्ये ‘आज न पाठवलेला पेटारा’ असे एक चल प्रत्येक पेटाऱ्यासाठी ठेवावे आणि त्याला दंड लावावा. मग मॉडेल जागा कमी पडली म्हणून कधीच अडत नाही. ते एक पेटारा मागे ठेवून बाकीची मांडणी हाती देते, आणि गोदामातील माणसाला तेच हवे असते. यापेक्षा चांगले उत्तर नाही याची खात्री करून घ्यायला मात्र वर सांगितलेली जादा अट तरीही लागतेच. दंड भाड्याहून स्पष्टपणे मोठा असावा, पण कोटींच्या घरात नेऊ नये. सॉफ्टवेअर साधारण दशलक्षांशाइतकी चूक क्षम्य मानते, आणि अवाढव्य आकड्यांपुढे तेवढी चूकही उत्तर बिघडवते.

आणखी एक किरकोळ बाब. कधी कधी प्रीसॉल्व्ह ‘इन्फीजिबल किंवा अनबाउंडेड’ (उत्तर नाही, किंवा खर्च कितीही खाली जाऊ शकतो) असा दुहेरी संदेश देऊन थांबते. तेव्हा खर्चाचे सूत्र शून्य करून मॉडेल पुन्हा चालवावे. तरीही अडले तर दोष अटींमध्ये आहे, आणि सुटले तर खर्चाला किंवा एखाद्या चलाला मर्यादा घालायची राहिली आहे.