ॲक्सिलरेटरचे पेडल आणि केबल : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

जुन्या मोटारींच्या ॲक्सिलरेटरविषयी येणाऱ्या पत्रांत एकच समजूत पुन्हा पुन्हा आढळते, ती म्हणजे पेडल जड झाले की केबलमध्ये तेल सोडावे आणि गाडी चालवत राहावे. त्यामुळे यातील काही प्रश्नांना आज एकत्रच उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझ्या गाडीत केबल आहे की सेन्सर, हे कसे ओळखावे?

बॉनेट उघडून थ्रॉटलजवळ, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेजवळ, पाहावे. पेडलकडून येणारी तार तिथे अडकवलेली दिसली तर केबल आहे, आणि फक्त विजेचा कनेक्टर दिसला तर पेडलची हालचाल विजेच्या संकेताने कळवणारा सेन्सर आहे; मग केबलविषयीची पुढील उत्तरे आपल्या गाडीला लागू नाहीत.

प्रश्न : पेडल जड झाले आहे. केबलमध्ये स्प्रेचे तेल मारले की काही दिवस बरे वाटते. दर महिन्याला मारत राहावे का?

मारू नये. अनेक केबलींच्या आवरणाला आतून प्लॅस्टिकचे अस्तर असते आणि त्या कोरड्याच चालाव्यात अशी त्यांची रचना असते; तेलाने तिथे धूळ चिकटते व घर्षण आणखी वाढते. आधी दोष कुठे आहे ते शोधावे. इंजिन बंद व थंड असताना केबलचे थ्रॉटलकडील टोक सोडवावे आणि थ्रॉटल हाताने फिरवून पाहावे. तो अडखळत असेल तर झडपेभोवती काजळी साचली आहे किंवा तिचा दांडा झिजला आहे, म्हणजे केबल निर्दोष असण्याची शक्यता मोठी. थ्रॉटल मोकळा असेल तर केबलचे दुसरे टोकही सोडवून पेडल वेगळे हलवून पाहावे, कारण पेडल ज्या खिळीवर फिरते तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, झिजले किंवा गंजले तरी पाय तितकाच जड होतो. दोष पक्का झाल्याशिवाय कोणताही भाग विकत घेऊ नये.

प्रश्न : पाय उचलला तरी पेडल कधी कधी अर्ध्यावरच राहते, बुटाच्या टोकाने वर ओढले की सुटते. ओळखीचे मेकॅनिक जास्तीची स्प्रिंग लावून देतो म्हणतात. पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत गाडी चालवावी का?

एक दिवसही चालवू नये. केबल तुटली तर इंजिन आयडलिंगवर, म्हणजे पेडल न दाबता असते त्या मंद गतीवर, येते आणि गाडी रस्त्याच्या कडेला थांबते. केबल अडकली तर मात्र चालकाने पाय काढल्यावरही इंजिन जोर लावतच राहते. हा फरक लक्षात न घेता ‘अजून तुटलेली नाही ना’ असे म्हणून लोक महिनोन्महिने काढतात, याची मला सर्वांत अधिक काळजी वाटते. आतली तार अनेक बारीक पोलादी धाग्यांची असते. टोकाला तार अडकवण्यासाठी असलेल्या धातूच्या गाठीजवळ (निपलजवळ) किंवा वळणावर त्यांतला एखादा धागा तुटतो, बाहेर उभा राहतो आणि आवरणाच्या तोंडाशी अडकतो. जास्तीची स्प्रिंग तीच तार अधिक जोराने ओढते, उरलेल्या धाग्यांवरचा ताण वाढवते आणि काही दिवस दोष झाकून ठेवते. ही दुरुस्ती नव्हे. थ्रॉटलवर मुळात दोन स्प्रिंगा असल्यास त्यांतली एक तुटूनही दुसरी काम करत राहते, त्यामुळे त्या दोन्ही तपासून घ्याव्यात. पायाखालचे मॅट सरकून पेडलखाली किंवा पेडलवर येत नाही ना, हेही आधी पाहावे, कारण तेवढेच कारण असू शकते.

चालत्या गाडीत पेडल अडकलेच तर ब्रेक एकदाच, घट्ट आणि सलग दाबावा. तो पुन्हा पुन्हा दाबून सोडू नये, कारण पेट्रोल इंजिनाचा थ्रॉटल उघडा असताना ब्रेकला मदत करणारी निर्वात शक्ती नव्याने पुरेशी तयार होत नाही. त्याच वेळी क्लच दाबावा किंवा गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी. इंजिन मोठ्याने ओरडेल, ओरडू द्यावे. गाडी थांबल्यावरच किल्ली बंद करावी, कारण चालत्या गाडीत किल्ली पूर्ण मागे फिरवल्यास स्टीअरिंग लॉक होऊ शकते. त्यानंतर गाडी टो करूनच गॅरेजमध्ये न्यावी.

प्रश्न : नवी केबल बसवूनही ती काही महिन्यांत पुन्हा जड झाली आणि आवरण वितळल्यासारखे दिसते. दुकानदार महागडी केबल घ्या म्हणतात.

महागडी केबलही तशीच जळेल. केबल तापलेल्या एक्झॉस्टला टेकत नसेल तर इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी तपासावी. ती तुटली किंवा गंजली की स्टार्टरचा प्रचंड विद्युतप्रवाह परतीची दुसरी वाट शोधतो; ॲक्सिलरेटरची पोलादी केबल ही तशी एक वाट आहे, आणि त्या प्रवाहाने तापून तिचे अस्तर वितळते. कारण न शोधता केवळ महाग माल पुढे करणाऱ्याचे ऐकू नये. मोटारीच्या इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्यावे, मगच केबल बदलावी.

प्रश्न : केबल थोडी ताणून बसवली की पिकअप वाढतो, हे खरे का?

खरे नाही. पाय पेडलवर नसताना केबलला किंचित ढील असलीच पाहिजे, नाहीतर थ्रॉटल पूर्ण मिटत नाही आणि आयडलिंग चढे राहते. ढील जास्त झाली असेल तर थ्रॉटल पूर्ण उघडत नाही; इंजिन बंद ठेवून एकाने पेडल तळापर्यंत दाबावे आणि दुसऱ्याने झडप पाहावी, म्हणजे ते कळते. नेमके माप गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे ठेवावे. जुन्या ऑटोमॅटिक गाडीत थ्रॉटलपासून गिअरबॉक्सकडे दुसरी केबल जात असल्यास तिला हात लावू नये. ती चुकीची लागली तर गिअर बदलण्याचा दाब बिघडतो आणि आतल्या क्लच प्लेटी जळू शकतात. ते काम गिअरबॉक्सच्या जाणकाराकडेच द्यावे.

प्रश्न : तुटलेली तार क्लॅम्पने जोडता येईल का?

नाही, आतली तार आणि बाहेरचे आवरण या दोन्हींची लांबी जुन्या केबलशी जुळवून नवी केबलच बसवावी आणि गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी मेकॅनिककडून तपासून घ्यावी.