नागपूरला बेसा-मनीषनगरकडे फ्लॅट घ्यायचाय, जवळची सरकारी शाळा चांगली आहे हे कसं ओळखायचं?

बिल्डरच्या ब्रोशरमधलं 'शाळा पाच मिनिटांवर' आधी विसरा. यूडायस प्लस या शाळांची माहिती देणाऱ्या सरकारी पोर्टलवर शाळा शोधली की पट, शिक्षक, वर्गखोल्या दिसतात. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीत 30 मुलांमागे एक शिक्षक हवा. पण नुसता हा हिशोब फसवतो. पट घसरला की प्रमाण आपोआप सुंदर दिसतं! म्हणून पहिलीचा पट दरवर्षी टिकतोय का ते बघा.

मग जुलैत, शाळा रुळल्यावर, सुटण्याच्या वेळी फाटकाशी उभे राहा. घ्यायला आलेल्या आयांना दोनच प्रश्न: गुरुजी रोज वर्गावर असतात का, आणि तिसरीतलं पोर धडा घडाघडा वाचतं का? रंगवलेल्या भिंतींपेक्षा हे उत्तर मला जास्त पटतं. नळाला पाणी आणि मुलींचं स्वच्छतागृह उघडं आहे का, तेही डोळ्यांनी बघा.

एक लक्षात ठेवा, बेसा हे नागपूर महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. मनपाच्या शाळांबद्दल ऐकलेलं तिथे लागू होईलच असं नाही.

मी तर म्हणेन, जमत असेल तर आधी वर्षभर तिथेच भाड्याने राहा. शेजारची पोरं कुठल्या शाळेत जातात ते आपसूक कळतं.