गाडी एमएच-१२, मुक्काम बंगळुरू आणि बोनसच्या चौकटीतली टिक

तुमच्या पत्राची पहिली दोन पानं लायसन्स आणि नंबरप्लेटवर गेली आहेत. लायसन्सवर अजून पुण्याचा पत्ता, गाडी एमएच-१२, राहायला बंगळुरूत, म्हणून विमा कंपनीने अपघाताचा क्लेम नाकारला असं तुम्ही धरून चालला आहात. अशी पत्रं माझ्याकडे नेहमी येतात. कुणी सोलापूरहून हैदराबादला गेलेलं असतं, कुणी सावंतवाडीहून गोव्यात. भीती सगळ्यांना पत्त्याचीच.

कंपनीचं पत्र तुम्ही सोबत जोडलंय, ते मी दोनदा वाचलं. त्यात लायसन्सचा ‘ल’सुद्धा नाही. कारण एवढंच दिलंय: प्रपोजलमध्ये, म्हणजे विम्याच्या अर्जात, ३५ टक्के नो क्लेम बोनस (वर्षभर क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) घेतला, प्रत्यक्षात आधीच्या पॉलिसीत क्लेम झाला होता, सबब ‘सेक्शन १’खालचे, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे, सगळे लाभ रद्द. तुमचं प्रकरण या ओळीवर उभं आहे आणि पडलं तर याच ओळीवर पडेल.

बाकीच्या वाचकांसाठी हकिगत थोडक्यात सांगते. मे २०२४ मध्ये तुम्ही बंगळुरूला घर बघायला निघालात. खंबाटकी घाटात ट्रकच्या चाकाखालचा खडा उडाला आणि पुढची काच तडकली. वर्कशॉपने कॅशलेस क्लेम टाकला, जुन्या कंपनीने ८,६०० रुपये दिले. जूनमध्ये बिऱ्हाड हललं. सप्टेंबरमध्ये पॉलिसी संपत आली तेव्हा तुम्ही मोबाइलवर दुसऱ्या कंपनीची स्वस्त पॉलिसी पाहून घेऊन टाकली, १९ सप्टेंबरपासून. मार्च २०२५ मध्ये तुमकूरजवळ गाडी दुभाजकावर चढली, सर्व्हेयरने १,८६,००० रुपयांचं नुकसान धरलं, आणि जुलैमध्ये नकाराचं पत्र आलं.

तुम्ही लिहिता, ‘काच म्हणजे काही अपघात नव्हे, ती क्लेममध्ये कुठे धरायची?’ धरतात हो. कंपनीने तुमच्या गाडीसाठी पैसे मोजले की त्या वर्षी क्लेम झाला. मग ती काच असो, बंपर असो की आरसा. त्यातून सुटायचं तर बोनस वाचवणारं जादा कव्हर घ्यावं लागतं, आणि तुमच्या जुन्या पॉलिसीत ते नाही. बोनसच्या पायऱ्या २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशा चढत जातात. उतरताना मात्र पायऱ्या नसतात, माणूस थेट तळाला. तुम्ही २५ वर होतात, पुढची पायरी ३५ म्हणून फॉर्मने आपोआप ३५ दाखवले, खाली ‘मागील वर्षी क्लेम नाही’ अशी चौकट आली आणि तुम्ही टिक केलंत. एजंटने भरलं, असं तुम्ही एका ठिकाणी म्हणता आणि पुढच्याच परिच्छेदात ओटीपी आपणच दिल्याचं सांगता. ओटीपी दिला म्हणजे सही केली. प्रकरण ग्राहक आयोगात गेलं तर एजंटचा मुद्दा तिथे आणूच नका, उलटतपासणीत तो दोन मिनिटं टिकणार नाही.

वाईट याचं वाटतं की हे टाळणं अगदी सोपं होतं. बोनस गाडीला चिकटलेला नसतो, माणसाचा असतो. गाव बदला, राज्य बदला, कंपनी बदला, गाडी विकून नवी घ्या, तो तुमच्याबरोबर येतो. पण येताना कागद घेऊन येतो. जुन्या कंपनीची रिन्यूअल नोटीस किंवा बोनस किती टक्के हे सांगणारं तिचं पत्र. ते एक ईमेल करून मागितलं असतंत तर त्यावर स्वच्छ शून्य लिहून आलं असतं. तुमचा गाडीच्या नुकसानीचा प्रीमियम १४,००० होता, त्यातले ३५ टक्के म्हणजे ४,९०० रुपये तुम्ही वाचवलेत. त्यासाठी पावणेदोन लाखांवर पाणी सोडायची वेळ आली आहे.

आता तुमच्या बाजूचं काय आहे ते पाहू. नकाराच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर खाली, बारीक अक्षरात, एक तारीख आहे: ‘पूर्वीच्या विमा कंपनीकडून ९ एप्रिल २०२५ च्या ईमेलद्वारे खातरजमा केली.’ ही तारीख लाल शाईने अधोरेखित करून ठेवा. तुमची पॉलिसी १९ सप्टेंबर २०२४ ची. म्हणजे साडेसहा महिने कंपनीला तुमच्या बोनसबद्दल कसलीच शंका नव्हती. शंका आली ती अपघातानंतर, पैसे द्यायची वेळ आल्यावर.

गाडीच्या विम्याचे दर आणि नियम सांगणाऱ्या इंडिया मोटर टॅरिफ, २००२ मधला सत्ताविसावा नियम बोनसचा आहे. ग्राहकाकडे जुन्या कंपनीचा कागद नसेल तर त्याच्या घोषणापत्रावर बोनस देता येतो, आणि घोषणा खोटी निघाली तर सेक्शन १ चे लाभ जातील, हे तोच नियम सांगतो. कंपन्या इथपर्यंतच वाचून दाखवतात. पुढचं वाक्य असं आहे की घोषणापत्र घेतलं असलं तरी नव्या कंपनीने जुन्या कंपनीला लिहून खातरजमा करायचीच आहे, आणि ती कव्हर दिल्यापासून २१ दिवसांच्या आत. जुन्या कंपनीने पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यायचं. दोघींपैकी जी चुकेल तिच्याकडून टॅरिफचा भंग. तुमच्या बाबतीत २१ दिवस १० ऑक्टोबरला संपले. त्या मुदतीत त्यांनी विचारलं असतं तर त्यांना शून्य कळलं असतं, तुमच्याकडून ४,९०० वसूल झाले असते आणि मार्चमध्ये क्लेम निमूटपणे मंजूर झाला असता.

हे वाचून लगेच पेढे वाटू नका. कंपनीचा वकील म्हणेल की टॅरिफचे दर २००७ सालीच मोकळे झाले, आता त्या नियमाचं काय घेऊन बसलात. तो असंही म्हणेल की विमा करार परम विश्वासाचा, खोटं बोलणाऱ्याला त्याचा फायदा कसा? राष्ट्रीय ग्राहक आयोगाचे निकाल या प्रश्नावर दोन्ही बाजूंचे आहेत. कंपनीने वेळेत खातरजमा केली नाही म्हणून क्लेम पूर्ण नाकारता येत नाही, बोनसच्या प्रमाणात रक्कम कापून बाकी द्या, अशी एक ओळ. चुकीची घोषणा म्हणजे कराराचा पायाच गेला, काहीच देय नाही, अशी दुसरी. तुमच्यापुढचं खंडपीठ कोणत्या ओळीचं निघेल हे मी सांगू शकत नाही, आणि जो वकील छातीठोक सांगेल त्याला फी देऊ नका.

पहिली ओळ लागू झाली तर हिशेब असा: १४,००० पैकी तुम्ही ९,१०० भरले, म्हणजे ६५ टक्के. १,८६,००० चे ६५ टक्के होतात १,२०,९००. ही रक्कम तुम्ही मनात पक्की धरा. पूर्ण पैसे मागायला हरकत नाही, पण तडजोडीत एक लाखाच्या वर आकडा आला तर मी घ्या म्हणेन. कारण कायद्यात ग्राहक तक्रार तीन महिन्यांत निकाली काढावी असं लिहिलं आहे, आणि माझ्याकडे अशी फाइल आहे जिच्यात तीन महिन्यांत फक्त समोरच्याचं वकीलपत्र आलं. पुढची तारीख, सदस्यपद रिकामं, पुन्हा पुढची तारीख. किती खेपा घालणार आहात?

तेव्हा आधी विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. फी नाही, वकील लागत नाही (मी वकील असले तरी मलाही तिथे उभं राहता येत नाही), ५० लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात, निवाडा कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही. अट एक: आधी कंपनीकडे लेखी तक्रार हवी, आणि तिने ती फेटाळलेली हवी किंवा महिनाभर उत्तर दिलेलं नको. तुम्ही लिहिता, ‘कस्टमर केअरला सहा वेळा फोन केला.’ फोन ही तक्रार नव्हे. एजंटला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला रागावलेला चेहरा ही तर नव्हेच. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला आजच ईमेल करा. कंपनीच्या अंतिम नकारापासून लोकपालाकडे जायला एक वर्ष मिळतं, पण ते जुलै २०२५ पासूनच मोजायचं असं धरून चाला. ग्राहक आयोगासाठी दोन वर्षं आहेत. तो तुम्ही राहता तिथेही चालतो, आणि प्रीमियम इतका कमी आहे की तिथेही फी पडणार नाही. मात्र एकदा आयोगात तक्रार टाकलीत की लोकपालाचं दार बंद, म्हणून क्रम उलटा करू नका.

ईमेलमध्ये काचेचा क्लेम पहिल्याच परिच्छेदात मान्य करा. लपवलंत तर ‘चूक’ची ‘लबाडी’ होईल. त्यानंतर दोनच गोष्टी मागा: प्रपोजलची प्रत, आणि माझ्या बोनसबद्दल जुन्या कंपनीला तुम्ही पहिल्यांदा कोणत्या तारखेला लिहिलंत, त्या पत्राची प्रत. शेवटी एक वाक्य की बोनसचा फरक भरायला किंवा त्या प्रमाणात कपात मान्य करायला मी तयार आहे. ‘फुल अँड फायनल’ असं लिहिलेल्या कुठल्याही व्हाउचरवर मला दाखवल्याशिवाय सही नको.

राहिली तुमची दोन पानं. पुण्याचं लायसन्स देशभर चालतं. पत्ता बदलून घ्या, परिवहन खात्याच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर अर्ज होतो, पण क्लेमशी त्याचा संबंध नाही. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली की तिथला नंबर घ्यावा लागतो, मोटार वाहन कायद्याचं कलम ४७. अपघाताच्या दिवशी तुम्हाला येऊन नऊ महिने झाले होते, त्यामुळे कंपनीने पुढे हा मुद्दा काढला तरी तारखाच उत्तर देतील. पुणे आणि बंगळुरू दोन्ही शहरं प्रीमियम ठरवायला केलेल्या झोनपैकी ‘अ’ झोनमध्ये येतात, तेव्हा झोन लपवला असंही म्हणता येणार नाही. सोलापूर त्या झोनमध्ये नाही, तिथल्या गाडीचं मी इतक्या ठामपणे म्हटलं नसतं.

आज मात्र बारा महिने कधीच उलटून गेले आहेत. पुणे आरटीओकडून फॉर्म २८ ची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) काढा. कर्ज असेल तर बँकेची संमती लागेल, थकलेली चलनं आधी भरा. कर्नाटकाचा आजीवन कर भरून केए नंबर मिळाला की महाराष्ट्रात भरलेल्या कराच्या परताव्याचा अर्ज करा. तो पुण्यातच करावा लागतो आणि सावकाशीने मिळतो. तुमच्या कंपनीची चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असतील तर देशभर चालणाऱ्या बीएच मालिकेच्या नंबराचं एचआरला विचारून पाहा. नंबर बदलला की त्याच आठवड्यात विमा कंपनीकडून पॉलिसीवर नवा नंबर चढवून घ्या. हे बहुतेक जण विसरतात.

आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पॉलिसी रिन्यू केली असेल, तर ती उघडा आणि बोनसच्या रकान्यात काय आहे ते बघा. ४५ दिसले तर फरक भरून दुरुस्ती करून घ्या, कंपनीने विचारायच्या आधी. प्रपोजलची प्रत आली की मला पाठवा, पाकिटावरच्या तारखेसकट.