माँ ब्लाँच्या ट्रेकसाठी एफडी मोडू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाचक 43 वर्षांचे, ठाण्यात कासारवडवलीला राहतात, दोघं नोकरी करतात, मुलगी यंदा दहावीला. मित्रांच्या ग्रुपने जुलै 2026 मध्ये टूर दु माँ ब्लाँ करायचं ठरवलंय, म्हणजे आल्प्समधल्या माँ ब्लाँच्या डोंगररांगेला फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंडमधून पायी पूर्ण फेरा, रोज रात्री वेगळ्या हटमध्ये, म्हणजे ट्रेकर्ससाठीच्या डोंगरातल्या साध्या लॉजमध्ये मुक्काम. एजन्सीच्या पॅकेजचा खर्च दोघांचा साडेपाच लाख, आणि ग्रुप लीडर मित्राला ऑक्टोबर 2025 संपायच्या आत माणशी 60 हजार ॲडव्हान्स हवाय. साडेचार लाखांची एफडी मोडू, की पर्सनल लोन घेऊ, की एसआयपी थांबवू, असं ते विचारतायत. मिसेस म्हणतात एफडीला हात लावायचा नाही.

नमस्कार. आधी एक सांगते, मिसेसचं बरोबर आहे. तुमचा घरखर्च 80 हजार आणि होम लोनचा हप्ता 46 हजार, म्हणजे महिन्याला सव्वा लाख लागतात, त्या हिशोबाने ही एफडी जेमतेम साडेतीन महिने पुरेल. मी क्लायंटला सहा महिने ठेवायला सांगते, म्हणजे ती आधीच कमी आहे. आणि दुसरं कारण कुणी सांगत नाही ते असं की शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) बँकेचं स्टेटमेंट, आयटी रिटर्न वगैरे द्यावं लागतं, तिथे ही एफडी तुमच्या बाजूने उभी राहते. जी मोडायला निघालात तीच फाइलीत लागणार आहे.

पर्सनल लोन तर नकोच. साडेपाच लाख 13 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण साडेअठरा हजार बसतो आणि नुसतं व्याज 1 लाख 17 हजार जातं. तुमच्याकडे एसआयपी जाऊन महिन्याला 21 हजार उरतात ना, ते जवळजवळ सगळे त्यातच जातील, आणि तेही मुलगी अकरावी-बारावीत असताना, म्हणजे क्लासची फी भरायच्या वर्षांत.

पण जाऊ नका असं मी म्हणणार नाही. मी स्वतः 2019 मध्ये यातला अर्धा रस्ता चाललेय, माझं पूर्ण मत जाण्याच्या बाजूने आहे. संध्याकाळी हटवर पोचलं की शूज दाराशीच रॅकवर काढायचे, टोपलीतून मिळतील त्या रबरी चपला घालायच्या, शॉवरला टोकन घ्यायचं आणि चार मिनिटांत उरकायचं, मग लांब टेबलावर सगळे अनोळखी लोक एकत्र बसतात आणि मधोमध सुपाचं मोठं भांडं येतं. आपल्याकडे रेंज ट्रेकला, म्हणजे डोंगररांगेतून सलग काही दिवस चालताना, वाडीतल्या एखाद्या घरात पिठलं-भाकरी खाऊन ओसरीवर झोपतो ना, तीच भावना. माझ्या समोर 68 वर्षांच्या एक बाई बसल्या होत्या, एकट्या चालत होत्या. त्यामुळे "आत्ता नाही तर कधीच नाही" असं कुणी म्हणत असेल तर मला ते पटत नाही, आणि त्या भीतीने कर्ज तर अजिबात काढू नका.

आता तारखा बघू, कारण इथे पैशाचा निर्णय तारखांवरच ठरतोय. जुलै मला चुकीचा वाटतो. दहावीचा निकाल लागला की अकरावीचा ऑनलाइन प्रवेश, तो 2025 पासून राज्यभर झालाय आणि त्या वर्षी फेऱ्या ऑगस्टपर्यंत चालल्या, त्या वेळी दोन्ही पालक आल्प्समध्ये मोबाइलला रेंज नसलेल्या खिंडीत नको. 2027 च्या सीझनला ती बारावीत असेल. म्हणजे उरतात दोन खिडक्या, एक 2026 च्या ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या दहा-अकरापर्यंत, दुसरी बारावी झाल्यावर 2028. गणपती 2026 मध्ये 14 सप्टेंबरला आहेत, 28 ऑगस्टला निघालात तर 11-12 ला घरी याल आणि आरास करायला एक दिवस मिळेल. हट्स सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उघड्या असतात आणि जुलैपेक्षा गर्दी कमी असते. ग्रुपला हे विचारा, नाही म्हणाले तर तुम्ही दोघंच जा, वाट खुणा केलेली असते, गाइडशिवाय खूप लोक चालतात.

पॅकेज सोडून स्वतः बुक केलंत तर खर्च असा येईल असा माझा अंदाज. विमान, मुंबई ते जिनिव्हा एका स्टॉपने, 70 हजार. हटमध्ये डॉर्मिटरीत बेड, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता मिळून रात्रीचे सरासरी 75 युरो धरा, युरो 105 रुपयांनी, दहा रात्रींचे 80 हजार. दुपारचं खाणं 20 हजार, व्हिसा 12 (फी 90 युरो, वर सेंटरचा सर्व्हिस चार्ज), इन्शुरन्स 5, शामोनीतले (ट्रेकच्या सुरुवातीजवळचं फ्रान्समधलं गाव) मुक्काम आणि बस 25, शूज-जॅकेट वगैरे 18. माणशी 2 लाख 30 हजार, दोघांचे 4 लाख 60. शिवाय पॅकेजवर टीसीएस, म्हणजे एजन्सीने आगाऊ घेतलेला कर, लागतो, रिटर्न भरल्यावर मिळतो परत पण तोपर्यंत पैसे अडकतात, तेही वाचतं.

हे पैसे आणायचे कुठून? ऑक्टोबर ते ऑगस्ट अकरा महिने 21 हजारांनी 2 लाख 31. मिसेसचा दिवाळी बोनस 50 आणि तुमचा एप्रिलचा 70, झाले 3 लाख 51. राहिले 1 लाख 10, आणि तिथे मी रिटायरमेंटची 10 हजारांची एसआयपी अकरा महिने थांबवायला सांगेन. एसआयपी थांबवा असं मी सहसा म्हणत नाही. हेच 1 लाख 10 हजार 10 टक्क्यांनी वाढले असते तर 15 वर्षांनी साडेचार लाखांच्या आसपास झाले असते, ही या ट्रेकची खरी किंमत आहे, ती माहीत असू द्या. तुमचा पीएफ चालू आहे म्हणून मी हो म्हणतेय. मुलीच्या शिक्षणाची 15 हजारांची एसआयपी एक महिनाही थांबवायची नाही, आणि रिटायरमेंटची सप्टेंबर 2026 ला परत सुरू करायची तारीख ॲपमध्ये आजच टाकून ठेवा, नाहीतर ती राहूनच जाते, मी फार जणांचं बघितलंय.

आणि मधे एखाद्याची नोकरी गेली, किंवा घरात हॉस्पिटलचा मोठा खर्च निघाला, तर सरळ 2028.

हटचं बुकिंग साधारण ऑक्टोबरपासून सुरू होतं आणि चांगल्या जागा लवकर भरतात, तेव्हा मित्राची घाई खोटी नाहीये. पण 60 हजार कशाचे ते विचारा. कुठल्या हटला किती डिपॉझिट, कुठल्या तारखेपर्यंत कॅन्सल केलं तर परत मिळतं, हे लेखी घ्या, व्हिसा नाकारला गेला तर काय तेही. फक्त हटचं डिपॉझिट असेल तर ते दिवाळी बोनसमध्ये बसायला हवं. विमानाची तिकिटं फेब्रुवारी-मार्चमध्ये, व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तो मुलीची परीक्षा झाली की करा. जास्त रात्री फ्रान्समध्ये असतील तर अर्जही फ्रान्सचाच.

इन्शुरन्समध्ये मात्र काटकसर नको. व्हिसाला किमान 30 हजार युरोचं कव्हर लागतं म्हणून लोक सगळ्यात स्वस्त पॉलिसी घेतात, तिच्यात ट्रेकिंग वगळलेलं असू शकतं. स्वित्झर्लंडमध्ये रेस्क्यूचं बिल तुम्हाला येतं, हेलिकॉप्टरचंसुद्धा. वाटेतली ग्रां कोल फेरे ही खिंड 2,537 मीटरवर आहे, आपलं कळसूबाई 1,646. पॉलिसीच्या कागदात ट्रेकिंग, उंचीची मर्यादा आणि हेलिकॉप्टर हे तीन शब्द शोधा, दोन-तीन हजार जास्त गेले तरी चालतील. नेहमीच्या क्रेडिट कार्डावर परदेशात साडेतीन टक्के मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावरचा जादा आकार) आणि त्यावर जीएसटी पडू शकतो, दोन लाखांवर आठ हजारांच्या वर होतात, म्हणून आधीच परकीय चलन भरून ठेवायचं फॉरेक्स कार्ड घ्या आणि थोडे रोख युरो आणि स्विस फ्रँकही, सगळ्या हटमध्ये कार्ड चालत नाही.

शूज पहिल्याच महिन्याच्या 21 हजारांतून घ्या, सेलची वाट बघू नका. ते घालून दर रविवारी येऊरच्या डोंगरावर जा, पाठीवर आठ किलोची सॅक घेऊन, दोघंही. मार्चपर्यंत कुणाचा गुडघा कुरकुरला तर तेव्हाच कळेल, आणि तिकिटं काढायच्या आधी कळेल.