कॅम्पेनची नावं सांभाळणं हे कारकुनी काम आहे का?

प्रश्न : बीकॉम झाल्यावर मी पुण्यातल्या एका डिजिटल एजन्सीत ट्रेनी म्हणून लागले. बरोबरच्यांना रील्स, क्रिएटिव्ह असं काम मिळतं. माझ्याकडे मात्र कॅम्पेनची नावं आणि लिंकचे यूटीएम, म्हणजे माणूस कुठल्या जाहिरातीतून आला हे सांगणारे लिंकमधले टॅग, यांची शीट. दिवाळीच्या रिपोर्टमध्ये फेसबुकचे आकडे गूगल अ‍ॅनालिटिक्सशी (वेबसाइटवर कोण कुठून आलं ते मोजणारं टूल) जुळले नाहीत आणि बोलणी मला बसली. आई म्हणते, नोकरी सोड आणि एमबीएची तयारी कर. काय करू?

उत्तर : एमबीए करावंसं वाटत असेल तर जरूर कर, पण या शीटला कंटाळून नको. क्लायंटचा पैसा कुठल्या जाहिरातीवर गेला आणि त्यातून काय आलं, हे तुझ्या शीटवरूनच ठरतं.

आधी तो दिवाळीचा रिपोर्ट पुन्हा उघड. मेटावर, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवर, जाहिरात लावताना लिंकमधल्या ‘यूटीएम कॅम्पेन’ या टॅगमध्ये कॅम्पेनचं नाव आपोआप भरलं जावं म्हणून डायनॅमिक पॅरामीटर (आपोआप भरणारा कोड) टाकतात. पण जाहिरात पहिल्यांदा पब्लिश होताना जे नाव असतं, तेच लिंकमध्ये कायम राहतं. नंतर कुणी मेटाच्या अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये ‘दिवाळी कॉपी २’ बदलून ‘दिवाळी कुर्ते पुणे’ केलं, तरी अ‍ॅनालिटिक्सकडे ‘दिवाळी कॉपी २’च जात राहतं. मग रिपोर्ट करणारा तिथे नवं नाव शोधत बसतो. म्हणून नावासोबत कॅम्पेनचा आयडी नंबरही ‘यूटीएम आयडी’ या टॅगमध्ये घाल. नाव कितीदाही बदललं तरी आयडी तोच राहतो.

आता स्पेलिंग बघ. गूगल अ‍ॅनालिटिक्सला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी दिसतात. फेसबुक एकाने कॅपिटल एफने लिहिलं, दुसऱ्याने स्मॉलने, तिसऱ्याने नुसतं एफबी, की एकाच सोर्सच्या (माणूस जिथून आला त्या साइटच्या) तीन ओळी झाल्या. मीडियमची, म्हणजे माणूस कुठल्या प्रकारे आला हे सांगणाऱ्या टॅगची, चूक तर याहून महागात पडते. तिथे पेड सोशल किंवा सीपीसी (दर क्लिकला पैसे) असं काही हवं. कुणी ‘बूस्ट’ लिहिलं, तर पैसे मोजून आणलेली माणसं ऑरगॅनिक सोशलमध्ये, म्हणजे फुकट आलेल्यांत, धरली जातात आणि क्लायंटला वाटतं, जाहिरात चाललीच नाही. एकदा नोंदलेलं नाव मागे जाऊन बदलताही येत नाही. त्यामुळे सगळं स्मॉल अक्षरांत, सोर्स-मीडियमला ड्रॉपडाउन आणि शीटमध्ये ओळ आल्याशिवाय जाहिरात लाइव्ह नाही, एवढा नियम सीनियरकडून मंजूर करून घे.

नावं चोख ठेवली तरी दोन्हीकडचे आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, हेही त्यांना आधीच सांगून ठेव. मेटा एरवी क्लिकनंतर ७ दिवसांत आणि जाहिरात नुसती दिसल्यावर १ दिवसात झालेली खरेदी आपल्या खात्यात धरतं. जाहिरात पाहून क्लिक न करता गेलेला माणूस नंतर साइटवर आला, तरी तो त्या जाहिरातीमुळे आला हे अ‍ॅनालिटिक्सला दिसत नाही. हा फरक तुझ्या शीटमुळे पडत नाही आणि त्याची बोलणी तू खायची नाहीस.

पण नुसती शीट भरत राहिलीस तर मात्र आई म्हणते ते खरं ठरेल. या आठवड्यातच अ‍ॅनालिटिक्सचा निदान व्ह्यूअर अ‍ॅक्सेस (नुसते रिपोर्ट बघण्याची परवानगी) माग. तो मिळेपर्यंत गूगलच्या मर्चंडाइज स्टोअरचं डेमो खातं आहेच, फुकट आहे. गूगलच्या स्किलशॉप या ट्रेनिंग साइटवरचा अ‍ॅनालिटिक्सचा कोर्सही फुकट आहे. महागड्या क्लासच्या नादी इतक्यात लागू नकोस. त्यापेक्षा एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा) शीक, वेब अ‍ॅनालिस्टच्या नोकऱ्यांत ते विचारतात. आणि दिवाळीच्या त्या रिपोर्टची आधीची आणि दुरुस्त केलेली प्रत, क्लायंटचं नाव आणि खरे आकडे काढून, जपून ठेव. मुलाखतीत सर्टिफिकेटपेक्षा मी तीच आधी मागेन.

आईकडून एक वर्ष मागून घे. तोवर अ‍ॅक्सेस मिळाला नाही आणि रिपोर्टच्या मीटिंगला तुला बसवलं नाही, तर एजन्सी बदल. एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास नोकरी सांभाळूनही होतो.