सेवा करते, पण आतून चीड येते

मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमधे, काम करणारे लोक माझ्याकडे येतात ना, तेव्हा बऱ्याचदा एकच गोष्ट खात असते त्यांना, की सेवा तर करतोय पण मनातून चिडचिड होते, कुणी साधं थँक्यू म्हणत नाही, मग ही सेवा देवाला चालते का की नुसता देखावा? मागे एक ताई आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत), त्यांचंही हेच. आजाऱ्यांच्या भेटी, उपासनेनंतरची झाडलोट, संडे स्कूल, कुणाकडे मयत झालं की रात्रभर तिथे बसणं, सगळं याच बघणार. "मॅडम, हसून करते हो सगळं, पण घरी भांडी घासताना एकेकाचं नाव घेऊन मनात भांडत असते."

आता चीड आली म्हणजे सेवा खोटी, असं मला नाही वाटत. मार्थाच बघा, बायबलमधे लूकच्या 10व्या अध्यायात ती, मी एकटीच राबतेय म्हणून, सरळ येशूकडे जाऊन बहिणीची तक्रार करते, आणि तो तिला झिडकारत नाही, तू फार गोष्टींची दगदग करतेस म्हणून समजावतो. पुढे योहान 12 मधे ती परत जेवण वाढतेच आहे, फक्त तिथे तक्रार दिसत नाही.

पण या ताईंची गाठ वेगळीच होती. त्यांच्या मनगटाला क्रेप बँडेज होतं. विचारलं तर म्हणाल्या, पडले होते, काही विशेष नाही. मंडळीत कुणाला माहितीये? नाही. शेजारणीने जेवण पाठवते म्हटलं तर तिलाही नको म्हणाल्या, आणि वर त्याच हाताने तिच्या मुलाची वह्यापुस्तकं आवरून आल्या! "उगाच कुणाला त्रास कशाला?"

मी म्हटलं, ताई, तुम्ही कुणाकडे जाता तेव्हा तो त्रास असतो का? तर गप्पच झाल्या.

द्यायचं फक्त आपण आणि घ्यायचं कुणाकडून काहीच नाही, हे वरून नम्र दिसतं पण त्यात थोडा ताठाही असतो, स्पष्टच बोलते. योहान 13 मधे येशू शिष्यांचे पाय धुतो, ते आपण नेहमी 'दुसऱ्याचे पाय धुवा' एवढंच ऐकतो, पण तिथे त्याचा शिष्य पेत्र अडून बसतो की माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत, आणि येशू म्हणतो, मी धुतले नाहीत तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही. स्वतः येशूने शोमरोनी बाईकडे पाणी मागितलं, आणि लूक 8 मधे योहान्ना, सुसान्ना वगैरे बायका आपल्या पैशाने त्याची न् शिष्यांची सोय करत होत्या, ते त्याने घेतलंच ना.

मग त्यांना एवढंच सांगितलं की मनगटाचं मंडळीतल्या दोघींना सांगा, त्या जी मदत देतील ती घ्या आणि लगेच फेडायला धावू नका. हा शेवटचा भाग त्यांना सगळ्यात जड गेला! शिवाय भेटींची यादी पाळकसाहेबांसमोर (चर्चच्या पास्टरांसमोर) ठेवून वाटून घ्यायला लावली, प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांनी, पण बायबलच्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात, अध्याय 6 मधे, जेवण वाढायचं काम सात जणांवर सोपवलंच होतं की.

पुढच्या वेळी आल्या त्या तक्रार घेऊनच, यादीतली एक भेट कुणीतरी विसरलं होतं. "मग तुम्ही गेलात?" "नाही, तिला फोन करून आठवण केली. ती गेली दुसऱ्या दिवशी." आणि भांडी? ती म्हणे सध्या शेजारीण घासतेय, नीट नाही घासत, पण घासू देतेय.