माडीवरच्या खोलीचं बुकिंग आधी बंद करा

पत्र : गुहागरजवळ आमचं घर आहे. पर्यटकांची राहण्या-जेवणाची सोय करतो. आमचे हे ६१ वर्षांचे, ३२ वर्षं हायस्कुलात शिकवून निवृत्त झाले. मुलाने पुण्याहून आरोग्य आणि मनःशांतीची पुस्तकं पाठवली, त्यांतली दोन गाडीतच संसार थाटणाऱ्या परदेशी लोकांची निघाली. तेव्हापासून हे ईकोची मागची सीट काढून तिच्यात झोपतात. पाहुण्यांना चिपळूण स्टेशनवरून आणायला घेतलेली गाडी ती! उकडलं की काचा लावून ए.सी. चालू करतात. पहाटे साडेचारला उठून कोमट पाणी पितात, पाहुण्यांना 'सामान कमी, मन मोकळं' ऐकवतात. तशी त्यांची माडीवरची खोली सीझनभर बुकिंगलाच असते, त्यामुळे अडचण काही नाही, पण गावात हसं होतं. असली पुस्तकं वाचण्यासारखी असतात का? तुम्ही लिहिलंत तर ऐकतील.

उत्तर : ताई, आधी ए.सी.चं. इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपणं आज रात्रीपासून बंद. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला तर त्याला ना वास, ना रंग. झोपलेला माणूस झोपलेलाच राहतो. हे त्यांना दरडावून सांगा, माझं नाव घेऊन सांगा.

आता तुमचं ते वाक्य. 'तशी त्यांची खोली बुकिंगलाच असते.' किती सहज लिहून गेलात! सीझनभर म्हणजे दिवाळी, नाताळ, मे महिना आणि हल्ली प्रत्येक शनिवार-रविवार. राहिला पावसाळा. तेव्हा त्या खोलीत दोऱ्या बांधून पाहुण्यांच्या चादरी वाळत घालत असाल, पैज लावते.

मग ईकोच्या आधी मास्तर झोपत कुठे होते? पडवीत? तिथे पाहुणे बारापर्यंत पत्ते कुटत बसले की खाट उचलून खळ्यात? याबद्दल पत्रात अवाक्षर नाही. घरधनी आपल्याच घरात खाट घेऊन हिंडत होता तेव्हा तुम्हाला अडचण नव्हती. दाराशी गाडीत झोपायला लागला तेव्हा लोक काय म्हणतील याची आठवण झाली. अशा माणसाच्या हातात एक पुस्तक पडलं आणि त्यात लिहिलं होतं की खोली नसणं ही साधना आहे. तो ते धरून बसणार नाही तर काय करणार?

तुम्ही राबता, कबूल. हप्ते असतील, तेही कबूल. पण फोनवर 'हो, माडीवरची आहे' म्हणणाऱ्या तुम्हीच ना?

पुस्तकांचं विचारलंत म्हणून सांगते. गाडीत राहायला शिकवणारी पुस्तकं दोन जातींची. पहिली जात प्रामाणिक : रात्री गाडी कुठे लावावी, काचा कशाने झाकाव्यात, आंघोळीपुरतं जिमचं सदस्यत्व कसं घ्यावं, लघवीची बाटली कुठे ठेवावी. लिहिणाऱ्याला घरभाडं झेपत नव्हतं हे पानोपानी कळतं. दुसरी जात त्याच बाटलीला अध्यात्म चिकटवते. ती जात रद्दीत घाला. कोमट पाण्याने कोणाचं वाईट झालेलं नाही, आणि साडेचारला त्यांना डास उठवत असतील.

जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंचं 'नोमॅडलँड' मात्र मुलाकडून मागवा. २०१७ चं आहे. इंग्रजी आहे, तर मुलालाच वाचून दाखवायला सांगा. २००८ च्या मंदीनंतर अमेरिकेत साठी उलटलेली माणसं घर सुटलं म्हणून गाडीत राहायला लागली, त्यांची ही हकिगत. सीझनपुरती कामं करत हिंडतात : कधी अ‍ॅमेझॉनच्या गोदामात, कधी बिटाच्या काढणीला, कधी पर्यटकांच्या तळावर. तिथे दिवसा पाहुण्यांचे संडास धुवायचे आणि रात्री शेजारीच आपल्या गाडीत आडवं व्हायचं. ओळखीचं वाटतंय का काही?

तेव्हा एकच करा. माडीवरची खोली बुकिंगमधून काढा. एका सीझनपुरती नाही, कायमची. ज्या चिरंजीवांनी पुस्तकं पाठवली त्यांनीच इंटरनेटवरचा त्या खोलीचा फोटोही उतरवावा. दारावरचा 'रूम नं. ३'चा स्टिकर नखाने खरवडून निघत नसेल तर खोबरेल लावा. जिन्याखालच्या ट्रंकेतले त्यांचे कपडे वर कपाटात लावा, हार्मोनियम, दाढीचं सामान, जे काही असेल ते वर न्या. 'आता तरी आत झोपा' असं मात्र म्हणू नका. मास्तर आहेत, हट्टाने महिनाभर ईकोतच झोपतील. झोपू देत. खोली तोवर रिकामी पडली तरी चालेल.

दिवाळीच्या तोंडावर एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाचा फोन येईल. समुद्राकडची तीच खोली हवी, दुप्पट देतो म्हणेल. 'तिथे आमचे हे राहतात' म्हणायचं आणि फोन ठेवायचा.